प्लगइन माझ्या मशीनवर लोड होतं, क्लायंटकडे होत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुमचं सी++ मधलं डेस्कटॉप अ‍ॅप विंडोज, उबुंटू आणि मॅक तिन्हीवर चालतं. लॅबमधल्या वेगवेगळ्या मशीन्सचा डेटा वाचायला एक प्लगइन फोल्डर ठेवलाय (प्लगइन म्हणजे नंतर जोडायचा वेगळा कोड), त्यातली प्रत्येक फाइल विंडोजवर लोडलायब्ररी आणि बाकी दोन्हीकडे डीएलओपन या लायब्ररी उघडायच्या फंक्शनने उघडता. ऐरोलीच्या ऑफिसात सगळं व्यवस्थित, पण रबाळेच्या क्लायंटकडे एरर १२६ येतो, म्हणजे मॉड्यूल सापडलं नाही, आणि फाइल तर फोल्डरमध्ये समोर दिसतेय. तुम्ही विचारलंय की प्लगइनचा फोल्डर कोडमधूनच पाथ व्हेरिएबलमध्ये (सिस्टिम जिथे फाइली शोधते त्या फोल्डरांच्या यादीत) टाकला तर चालेल का, आणि तिन्हीकडे चालेल अशी एकच पद्धत आहे का.

थोडक्यात सांगायचं तर पाथवाली युक्ती विंडोजवर कधी चालते कधी नाही, लिनक्सवर चालतच नाही, आणि तिन्हीकडे तीन वेगळी कामं करावी लागतात पण त्यामागचा विचार एकच आहे. मी महापेला बसतो, बारा-तेरा वर्षं टेस्टिंग लॅब्ससाठी अशाच प्रकारचं सॉफ्टवेअर बनवतोय, आमच्याकडची निम्म्याहून जास्त प्लगइन्स बाहेरच्या लोकांनी लिहिलेली आहेत, त्यामुळे हा त्रास मी तिन्ही बाजूंनी भोगलाय.

सगळ्यात आधी एरर १२६ नीट समजून घ्या, कारण तो एरर सांगतो एक आणि माणूस समजतो भलतंच. तुम्ही ज्या डीएलएलचं (विंडोजवरच्या लायब्ररी फाइलचं) नाव दिलंत ती सापडली नाही असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा ती सापडलेली असते, तिला आत जी दुसरी डीएलएल लागते ती सापडलेली नसते, आणि विंडोज त्या दुसरीचं नाव सांगतच नाही. तुमच्या मशीनवर व्हिज्युअल स्टुडिओ आहे, मशीन कंपनीचं एसडीके (प्रोग्रॅमरसाठीचा संच) आहे, कधीतरी टाकलेली पंधरा टूल्स आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी ती डीएलएल पाथवर आणून ठेवलीय. क्लायंटचा पीसी कोरा आहे. १९३ आला असता तर गोष्ट वेगळी, तो आला की नव्वद टक्के वेळा ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत असते, आणि १२७ म्हणजे फाइल मिळाली पण आतलं फंक्शन मिळालं नाही, साधारण जुनं व्हर्जन उचललं गेलंय. हे तीन आकडे आमच्या सपोर्टच्या मुलांना पाठ आहेत आणि फोनवरच निम्मा प्रश्न सुटतो.

आता हे होतं कशामुळे ते बघू. विंडोज एखादी डीएलएल शोधताना आधी एक्झी (प्रोग्रॅमची मुख्य फाइल) जिथे आहे तो फोल्डर बघतं, मग सिस्टिम फोल्डर, विंडोज फोल्डर, चालू डिरेक्टरी आणि शेवटी पाथ. प्लगइन ज्या फोल्डरमध्ये आहे तो या यादीत नाहीच. तुम्ही प्लगइनचा पूर्ण पाथ दिलात म्हणून प्लगइन मिळालं, पण त्याच्या शेजारीच पडलेली त्याची सोबतची डीएलएल मात्र मिळत नाही, कारण तिला शोधताना तुमचा पूर्ण पाथ कोणी विचारात घेत नाही. यावर उपाय विंडोजमध्येच आहे, लोडलायब्ररीच्या ऐवजी लोडलायब्ररी-ईएक्स वापरा आणि त्याला दोन फ्लॅग द्या, एक डीएलएल-लोड-डिर म्हणजे प्लगइनच्या स्वतःच्या फोल्डरमध्येही बघ, आणि दुसरा डिफॉल्ट-डिर्स म्हणजे नेहमीच्या सुरक्षित जागा बघ. या दोघांमध्ये चालू डिरेक्टरी आणि पाथ येतच नाहीत, आणि ते चांगलंच आहे, कारण पाथवर कोणी काय टाकून ठेवलंय यावर तुमचं अ‍ॅप अवलंबून राहायला नको. पाथ बदलायची तुमची युक्ती मी एवढ्याचसाठी नको म्हणतो. आज चालेल, उद्या क्लायंट दुसरं एखादं सॉफ्टवेअर टाकेल, त्याचा फोल्डर पाथमध्ये आधी येईल आणि तुमचं प्लगइन त्याची झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) उचलेल.

पाथ देताना दोन बारीक गोष्टी सांभाळा. तो पूर्ण पाथ असू द्या, अर्धवट नको, आणि विंडोजवर उलटा स्लॅश द्या, क्रॉस प्लॅटफॉर्म कोडमध्ये आपण सवयीने सरळ स्लॅश टाकतो आणि फाइल उघडायला तो चालतोसुद्धा, पण इथे तो चालेलच असं धरू नका, मायक्रोसॉफ्टने स्वतःच उलटा वापरा म्हणून सांगितलंय.

आणि हे आपल्याकडच्या लोकांनी तर विसरूच नये: फंक्शनचा वाइड म्हणजे डब्ल्यूवालाच प्रकार वापरा. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचं एएनएसआय कोड पेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) कधी नव्हतंच, मराठी-हिंदी पहिल्यापासून फक्त युनिकोडवर चालतात. त्यामुळे यूजरचं नाव देवनागरीत असेल किंवा फोल्डरचं नाव «नवीन चाचणी» असं ठेवलं असेल आणि तुम्ही ए-वाला म्हणजे एएनएसआय प्रकार वापरलात तर पाथमध्ये अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं जातात आणि परत तोच १२६. ठाण्यात वागळे इस्टेटच्या एका लॅबमध्ये मी या एका गोष्टीवर अख्खा दिवस घालवलाय, पेनड्राइव्हवरून तीच फाइल डी ड्राइव्हला टाकली की चालायची आणि डेस्कटॉपवरून नाही चालायची, शेवटी लक्षात आलं की त्या मॅडमनी विंडोजचा यूजर स्वतःच्या नावाने मराठीत केला होता. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, चूक आमच्या कोडची होती.

लिनक्सकडे या. तिथे एलडी लायब्ररी पाथ हा व्हेरिएबल लोडर एकदाच वाचतो, प्रोग्रॅम सुरू होताना. नंतर तुम्ही कोडमधून सेटएन्व्ह करून कितीही बदला, चालू प्रोसेसवर त्याचा काहीही परिणाम होत नाही, नंतर सुरू केलेल्या दुसऱ्या प्रोसेसवर होईल फक्त. लोक यावर दोन-दोन दिवस डोकं फोडतात. तिथलं खरं उत्तर म्हणजे प्लगइन बिल्ड करतानाच त्याच्यात रनपाथ म्हणून डॉलर ओरिजिन टाकायचं, म्हणजे «मी जिथे आहे तिथेच माझ्या सोबत्यांना शोध». आणि रनपाथ फक्त थेट लागणाऱ्या लायब्रऱ्यांना लागू होतो, त्यांना पुढे जी लागते तिला नाही, म्हणून फोल्डरमधल्या प्रत्येक एसओ फाइलमध्ये (डीएलएलच्या जागी लिनक्सवर असते ती) तो स्वतंत्र असायला हवा, फक्त प्लगइनमध्ये टाकून भागत नाही.

डीएलओपनला फ्लॅग देताना मी नेहमी आरटीएलडी नाऊ आणि आरटीएलडी लोकल दोन्ही स्पष्ट लिहितो. नाऊ अशासाठी की एखादं फंक्शन गायब असेल तर ते लोड करतानाच कळावं, लेझी (गरज पडेल तेव्हाच शोध) दिलं तर प्लगइन लोड झाल्यासारखं दिसतं आणि दुपारी तीन वाजता यूजर नेमकं ते बटण दाबतो तेव्हा अ‍ॅप मरतं. लोकल अशासाठी की दोन प्लगइन्समधली एकाच नावाची फंक्शन्स एकमेकांत मिसळू नयेत. लिनक्सवर तुम्ही काही लिहिलं नाही तर लोकलच धरलं जातं, मॅकवर मात्र न लिहिलं तर ग्लोबल धरलं जातं, म्हणजे तीच ओळ दोन ठिकाणी दोन अर्थाने चालते. म्हणून लिहा.

लिनक्सवर आणखी एक हमखास येणारी तक्रार म्हणजे जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३४ सापडलं नाही. उबुंटू २२.०४ वर बिल्ड केलं, क्लायंटकडे २०.०४ आहे, त्याच्यात जीलिबसी २.३१ आहे, नवीनवरचं जुन्यावर चालत नाही, उलट चालतं. तुम्हाला जे सगळ्यात जुनं व्हर्जन सांभाळायचंय त्याच्यावर बिल्ड करा, कंटेनरमध्ये (बंदिस्त वेगळ्या सिस्टिममध्ये) केलं तरी चालतं, आणि प्लगइन लिहिणाऱ्यांनाही तेच सांगा.

मॅकचं मी कमी सांगतो कारण आमचे मॅकवाले क्लायंट थोडे आहेत, पण तीन गोष्टी पक्क्या आहेत. पहिली, तिथे डॉलर ओरिजिनच्या जागी अ‍ॅट-लोडर-पाथ आहे, आणि इन्स्टॉल नेम टूलने पाथ बदललात की फाइलची डिजिटल सही मोडते, परत साइन करावं लागतं, एम वन आणि पुढच्या मशीन्सवर सही नसलेला कोड चालतच नाही. दुसरी, एका प्रोसेसमध्ये इंटेलचा आणि एआरएमचा कोड एकत्र राहू शकत नाही, रोझेटा (इंटेलचा कोड एआरएमवर चालवणारी मॅकची सोय) असलं तरी, म्हणून प्लगइन युनिव्हर्सल म्हणजे दोन्ही प्रकारचं बनवून घ्या. तिसरी आणि सगळ्यांना अडवणारी, तुमचं अ‍ॅप नोटराइज करायचं म्हणजे मॅक कंपनीकडून तपासून घ्यायचं असेल तर हार्डन्ड रनटाइम (जास्त कडक सुरक्षा) चालू करावा लागतो, आणि तो चालू झाला की तुमच्याच टीमने किंवा अ‍ॅपलने साइन केलेल्या लायब्रऱ्याच लोड होतात. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं प्लगइन सरळ नाकारलं जातं, एररमध्ये टीम आयडी वेगवेगळे आहेत असं काहीतरी येतं. त्यासाठी एन्टायटलमेंटमध्ये (मागायच्या परवानग्यांच्या यादीत) डिसेबल-लायब्ररी-व्हॅलिडेशन मागावं लागतं. सगळी प्लगइन्स तुम्हीच बनवत असाल तर मागू नका, गरज नाही. बाहेरची घेणार असाल तर पर्याय नाही.

इथवर झालं «सापडण्याचं». पण खरं सांगू का, तुमच्या प्रश्नात एक गोष्ट जाता जाता लिहिलीय ती मला जास्त काळजीची वाटली. तुम्ही म्हणालात की प्लगइनमधून तुम्ही सी++ चा क्लास परत करता आणि त्याची फंक्शन्स एसटीडी स्ट्रिंग (मजकूर) आणि एसटीडी व्हेक्टर (यादी) घेतात-देतात. १२६ चा प्रश्न एका दिवसात सुटेल, हा सुटायला सहा महिने लागतील, आणि तोवर बाहेरची चार प्लगइन्स आलेली असतील.

कारण असं की एसटीडी स्ट्रिंग मेमरीत कशी मांडायची हे सी++ भाषेने ठरवलेलं नाही, ते कंपायलर आणि त्याची लायब्ररी ठरवते. २०१५ मध्ये जीसीसी या कंपायलरचं ५ वं व्हर्जन आलं तेव्हा लिनक्सवर स्ट्रिंगची मांडणीच बदलली, जुनी आणि नवी अशा दोन पद्धती शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. विंडोजवर मिनजीडब्ल्यूने (जीसीसीच्या विंडोजवरच्या रूपाने) बनवलेलं प्लगइन व्हिज्युअल स्टुडिओच्या अ‍ॅपला क्लास देऊच शकत नाही, फंक्शनची आतली नावंही दोघं वेगळी बनवतात. डिबग आणि रिलीज सुद्धा एकमेकांत चालत नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०१५ ते २०२२ पर्यंतची व्हर्जन्स एकमेकांना चालतील असं ठेवलंय हे खरं, पण त्यालाही अट आहे, रनटाइम हा सगळ्यात नव्या कंपायलरइतका तरी नवीन हवा. २०२४ मध्ये व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ चं १७.१० आलं आणि म्युटेक्सच्या (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाच्या) आत बदल झाला, तेव्हा ज्यांनी आपल्या एक्झीशेजारी जुनी एमएसव्हीसीपी १४० (सी++ रनटाइमची डीएलएल) ठेवली होती त्यांच्याकडे नव्या कंपायलरची प्लगइन्स पहिल्याच लॉकला क्रॅश व्हायला लागली. प्लगइनवाल्याचा दोष नव्हता, त्याच्याकडे सगळं चालत होतं. एकदा एखाद्या नावाची डीएलएल प्रोसेसमध्ये आली की नुसत्या नावाने मागितलेली त्याच नावाची दुसरी विंडोज परत आणत नाही, जी आधी आली तीच सगळ्यांना मिळते.

म्हणून मी सीमेवर सी++ ठेवतच नाही. आत तुम्ही काय वाटेल ते वापरा, प्लगइन आत रस्टमध्ये लिहा नाहीतर पास्कलमध्ये, पण अ‍ॅप आणि प्लगइन यांच्यामधून जे जातं ते साधं सी. एक्स्टर्न सी (सीसारखं साधं नाव ठेवायची खूण) लावलेलं एकच फंक्शन बाहेर दिसेल, ते फंक्शन पॉइंटर्सचं एक स्ट्रक्चर परत करेल, त्या स्ट्रक्चरमध्ये पहिलाच आकडा त्याची साइझ आणि दुसरा इंटरफेसचं व्हर्जन. साइझ अशासाठी की पुढच्या वर्षी तुम्ही शेवटी दोन फंक्शन्स वाढवलीत तर जुनं प्लगइन ओळखता येतं आणि चालवताही येतं. संगीताच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी २०२२ मध्ये क्लॅप नावाचं प्लगइनचं स्टँडर्ड काढलं तेही शुद्ध सीवरच बसवलंय, त्या लोकांची बरीच वर्षं वेगवेगळ्या कंपायलरच्या प्लगइन्सशी झटापट झालीय, त्यामुळे त्यांच्या हेडर फाइल्स जरूर वाचा, शिकण्यासारख्या आहेत.

मेमरीचा नियम एकच, ज्याने घेतली त्यानेच सोडायची. प्लगइनने मॅलॉक केलं म्हणजे मेमरी घेतली आणि अ‍ॅपने फ्री केलं असं विंडोजवर केलंत तर दोघांचे हीप (मेमरीचे साठे) वेगळे असू शकतात आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी येतो. एकतर प्लगइनमध्येच सोडायचं फंक्शन ठेवा, नाहीतर अ‍ॅपने बफर द्यावा आणि प्लगइनने तो भरावा. मी दुसरं पसंत करतो. एक्सेप्शनही सीमेच्या पलीकडे जाऊ देऊ नका, प्लगइनच्या प्रत्येक बाहेरच्या फंक्शनमध्ये सगळं पकडून एरर नंबर परत करायचा.

तुम्ही क्यूट (सी++ मधलं तयार फ्रेमवर्क) वापरत असाल, जे तुमच्या लिहिण्यावरून वाटलं, तर क्यूप्लगइनलोडर आहेच आणि तो लोड न करता प्लगइनची माहिती वाचू शकतो हे फार उपयोगी आहे. फक्त मग प्रत्येक प्लगइनवाल्याला तुमच्याच कंपायलरने आणि तुमच्याच किंवा त्याच मेजर व्हर्जनच्या जुन्या क्यूटने बिल्ड करावं लागतं. सगळी प्लगइन्स घरातलीच असतील तर बिनधास्त तेच वापरा, सीचं एवढं सव्यापसव्य कशाला. बाहेरचे लोक लिहिणार असतील तर मी नाही वापरणार. हे खरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, ते तुम्हीच ठरवा.

अनलोड करू नका. लोकांना हे पटत नाही, पण मी आग्रहाने सांगतो. प्लगइनने आत एखादा थ्रेड (शेजारी चालणारं काम) सुरू केला असेल, कुठे कॉलबॅक (नंतर बोलवायचं फंक्शन) नोंदवला असेल, आणि तुम्ही फ्रीलायब्ररी करून लायब्ररी मेमरीतून काढलीत, तर तो थ्रेड नसलेल्या कोडवर उभा राहतो. प्लगइन बंद करायचंय तर त्याचं बंद करायचं फंक्शन बोलवा, ते काम थांबवेल, लायब्ररी मेमरीत राहू द्या, अ‍ॅप बंद होईल तेव्हा जाईल. काही एमबी जातील, जाऊ देत. तसंच प्लगइनवाल्यांना सांगा की डीएलएल-मेनमध्ये (डीएलएल लोड होताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनमध्ये) काहीही जड काम करायचं नाही, थ्रेडची वाट बघायची नाही, दुसरी डीएलएल लोड करायची नाही, त्या वेळी विंडोजच्या लोडरचं कुलूप लागलेलं असतं आणि अ‍ॅप तिथेच गोठतं. सुरुवातीचं सगळं काम वेगळ्या इनिट फंक्शनमध्ये.

एवढं सगळं करूनही एक गोष्ट उरते, की प्लगइन तुमच्याच प्रोसेसमध्ये राहतं आणि तिथे ते काहीही करू शकतं. आमच्याकडे एका मशीनच्या प्लगइनने लोड होताना सेटलोकेल बोलावलं आणि जर्मन लोकेल (आकडे-तारखा कशा लिहायच्या याची सेटिंग) लावलं. ते सगळ्या प्रोसेसला लागू होतं. जर्मनमध्ये दशांशाला टिंब नाही, स्वल्पविराम असतो, त्यामुळे दुसऱ्याच मशीनकडून आलेलं १२.५ हे आमच्या कोडने १२ असं वाचलं. क्रॅश नाही, एरर नाही, रिपोर्टमध्ये फक्त चुकीचा आकडा. औषधांच्या लॅबमध्ये चुकीचा आकडा म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. सुदैवाने तिथल्या केमिस्टच्या लक्षात आलं आणि रिपोर्ट बाहेर गेला नाही, पण त्या रात्री मी तुर्भ्याहून शेवटच्या ट्रान्सहार्बर लोकलने घरी येताना ठरवलं की बाहेरचा कोड आमच्या प्रोसेसमध्ये नको.

तेव्हापासून बाहेरून आलेलं प्रत्येक प्लगइन आम्ही एका छोट्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये लोड करतो आणि तो प्रोग्रॅम मुख्य अ‍ॅपशी पाइपवरून (दोन प्रोग्रॅममधल्या निरोपांच्या नळीवरून) बोलतो. नवीन काही नाही यात, जिंप या फोटो एडिटरची प्लगइन्स कितीतरी वर्षं वेगळ्या प्रोसेसमध्येच चालतात, आणि ब्राउझरवाल्यांनी तर जुनी एनपीएपीआय प्लगइन्स शेवटी काढूनच टाकली, क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये बहुतेक सगळी. फायदा असा की प्लगइन मेलं तर छोटा प्रोग्रॅम मरतो, अ‍ॅप त्याला परत उठवतं आणि यूजरला नेमकं कुठलं प्लगइन पडलं ते सांगता येतं. ३२ बिटचं जुनं ड्रायव्हर प्लगइन ६४ बिटच्या अ‍ॅपला वापरता येतं, फक्त छोटा प्रोग्रॅम ३२ बिटचा बनवायचा. दोन प्लगइन्सना एकाच लायब्ररीची दोन व्हर्जन्स लागली तरी भांडण नाही. तोटा असा की प्रत्येक गोष्ट मेसेजमध्ये बसवावी लागते, आणि सेकंदाला लाखो सॅम्पल येणारं मशीन असेल तर शेअर्ड मेमरी लागते, काम वाढतं. तुमचे वजनकाटे आणि पीएच मीटर सेकंदाला दहा आकडे देत असतील तर हा खर्च जाणवणारही नाही. उद्या तुम्ही इमेज प्रोसेसिंगची प्लगइन्स घेणार असाल तर मात्र आधी मोजून बघा.

राहता राहिलं यूजरला काय दिसतं ते. «प्लगइन लोड झालं नाही» एवढंच दाखवू नका. विंडोजवर गेट-लास्ट-एररचा आकडा लगेच उचला, मध्ये एखादी लॉगची ओळ आली तरी तो बदलू शकतो, आणि बाकी दोन्हीकडे डीएलएररचा मजकूर जसाच्या तसा लॉगमध्ये टाका, तो बऱ्याचदा गायब लायब्ररीचं नावच सांगतो. सोबत पूर्ण पाथ, अ‍ॅप किती बिटचं, आणि प्लगइनने सांगितलेलं इंटरफेस व्हर्जन. आणि प्लगइन फोल्डर प्रोग्रॅम फाइल्सच्या आतच ठेवा, जिथे साध्या यूजरला लिहिता येत नाही, विशेषतः तुमचं अ‍ॅप अ‍ॅडमिन म्हणून चालत असेल तर, नाहीतर कोणीही तिथे डीएलएल टाकून तुमच्या हक्कांनी ती चालवू शकतो.

रबाळेला परत जाल तेव्हा आधी काही बदलू नका. डिपेंडन्सीज नावाचं छोटं ओपन सोर्स टूल आहे, जुन्या डिपेंडन्सी वॉकरची जागा आता त्याने घेतलीय, ते पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि क्लायंटच्याच पीसीवर तुमची प्लगइनची डीएलएल त्यात उघडा. तुमच्या मशीनवर उघडून उपयोग नाही, तिथे सगळं सापडणारच. जे नाव सापडत नाही असं दाखवेल ते बघा. नाव व्हीसी रनटाइमचं असेल तर क्लायंटकडे रीडिस्ट्रिब्युटेबल (मायक्रोसॉफ्टचा रनटाइमचा इन्स्टॉलर) टाकलेलं नाहीये, तुमच्या इन्स्टॉलरमध्येच ते घाला. शेवटी डी असलेलं रनटाइमचं नाव असेल, म्हणजे व्हीसी रनटाइम १४० डी वगैरे, तर तुम्ही डिबग बिल्ड पाठवलंय. मशीन कंपनीच्या एसडीकेची डीएलएल असेल तर ती प्लगइनशेजारी ठेवून वर सांगितलेल्या दोन फ्लॅग्सनी लोड करा, फक्त त्यांच्या लायसन्समध्ये ती वाटायला परवानगी आहे का ते आधी वाचा. यापैकी काहीच नसेल तर ते नाव आणि तुमची लोड करायची ओळ मला पाठवा, मी बघून सांगतो.